गव्हाणीतला कापूस काढू नका

करुणानं फोनवर दोनदा बजावलं होतं, "बाबा, गव्हाण आहे तश्शी पाठवा. त्यातला कापूस काढू नका."

एवढीच गोष्ट. पण मला कुणी 'करू नका' म्हटलं की माझे हात आधी तिकडे पोचतात आणि डोकं मागाहून चपला शोधत येतं. करुणा माझी थोरली. पुण्यात असते. तिची लेक आता प्रश्न विचारण्याच्या वयात आली आहे, म्हणून यंदापासून घरी आगमनकाळाची प्रार्थना सुरू करायची तिनं ठरवलं. नाताळाच्या आधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती जास्त, आणि रोज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून वाचन, गाणं, प्रार्थना. आमच्या घरी हे मी सुरू केलं होतं, ती लहान असताना. त्यासाठी तिला येशूबाळाला ठेवायची इथली जुनी लाकडी गव्हाण हवी होती. आणि मेणबत्त्या लावायची सायकलची रिमही.

मी स्टुलावर चढलो. मीनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, स्टूल धरलं आणि "पडाल, पडाल" असा धीर देत राहिली. माळ्यावरून खोका काढून व्हरांड्यात उन्हात उघडला. आधी उंदरांचा वास आला. मग जुन्या मेणाचा. मग जळकट काहीतरी, आणि सगळ्याच्या खाली, मुरलेला, सरकीचा तेलकट वास. डिसेंबरमध्ये सिंदी रेल्वे गावाच्या बाजूनं वारा आला की येतो तो. आबांच्या खाकी सदऱ्याला यायचा तो.

गव्हाणीत उंदरांच्या लेंड्या होत्या. नातीला हे पाठवायचं? मी गव्हाण उलटी केली आणि बुडावर चापट मारली. कापूस थरांनी बाहेर आला. वरचा पांढरा, मधला मळकट, आणि सगळ्यात तळाचा पिवळा पडलेला, दाबून दाबून भाकरीसारखा चपटा झालेला. त्या भाकरीतून काहीतरी निसटलं आणि फरशीवर टक्कन पडलं.

मला वाटलं, सरकी असेल. उचललं. सरकी नव्हती. आबांचं कानाचं मशीन होतं.

मी खालीच बसलो.

"काय झालं? विंचू?" मीनानं विचारलं.

विंचू असता तर बरं झालं असतं. विंचू निघाला तर काय करायचं ते मला ठाऊक आहे. चपलेनं मारायचं. पण ज्या मशीनसाठी मी हे घर पालथं घातलं होतं, शेजारच्या बकरीवर आरोप ठेवला होता, ते इतकी वर्षं दर डिसेंबरात माझ्या नाकासमोर, मेणबत्तीच्या उजेडात, येशूबाळाच्या पाठीखाली झोपलेलं होतं. त्याचं काय करायचं?

आबा म्हणजे माझे वडील. सिंदी रेल्वेच्या एका जिनिंगमध्ये ते फिटर होते. कापसातून सरकी वेगळी काढणारी ती यंत्रं दिवसभर अशी गर्जायची की आत माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलत. त्या गर्जनेनं आबांचे कान हळूहळू खाल्ले. वरचे सूर आधी गेले. पाखरं गेली, सायकलची घंटी गेली, माझा रडका आवाज गेला (याचं त्यांना विशेष दुःख नव्हतं). खालचे सूर थोडे उरले. आई चर्चमध्ये नेहमी खालचा सूर म्हणायची. सगळी मंडळी वर चढली की ती खाली, जमिनीलगत, शांतपणे चालत राहायची. आबा म्हणत, "मले सारं चर्च ऐकू नाई येत, तुही माय येवढी येते."

निवृत्तीनंतर मी सावंगीच्या दवाखान्यातून त्यांच्यासाठी मशीन बसवून आणलं. तोवर ते आणि आई वर्ध्याजवळ सिंदी मेघेच्या आमच्या घरी राहायला आले होते. मशीन लावल्यावर आबा व्हरांड्यात बसून चकित चेहऱ्यानं ऐकत राहायचे. "हे कुकर रोज येवढं बोंबलते?"

मग एका पोळ्याच्या सुमाराला आई गेली.

त्यानंतर आबा आपल्या खोलीत गेले ते गेलेच. जेवायला तेवढे बाहेर येत. चर्चला येत नसत. घरातली प्रार्थना तर आईबरोबरच संपली होती, कारण ती चालवायची ती. खोलीला निळा पडदा होता. पडद्याखालून त्यांची पावलं दिसायची, खाटेवरून खाली सोडलेली, तासन्‌तास एका जागी. करुणा आणि धाकटा आशू शाळेतून आले की त्या पावलांना गुदगुल्या करून पळायचे. पावलं हलायची. पडदा हलायचा नाही.

म्हणून मी ती परंपरा सुरू केली. मुलांवर संस्कार व्हावेत म्हणून, असं मी चर्चमध्ये सगळ्यांना सांगत असे. खरा बेत निराळा होता: पडद्याबाहेर दिवा लागेल, गाणं होईल, नातवंडं बोलावतील, आणि आबा बाहेर येऊन आमच्यात बसतील. बाकी मला काही नको होतं.

तयारी मी माझ्या पद्धतीनं केली. चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं लागतं. हिरवं काही टिकेना. कडुनिंबाच्या डहाळ्या दुसऱ्या दिवशी माना टाकत. मग मी आशूच्या मोडक्या सायकलची रिम घेतली आणि तिला पऱ्हाटी गुंडाळली, कापसाची वाळकी झाडं, बोंडांसकट. बोंडांतून कापूस उमललेला. मला ते बर्फासारखं दिसलं. बर्फ मी कधी पाहिलेला नाही. आमचा बर्फ म्हणजे कापसाचे ट्रक जाऊन आल्यावर रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांवर अडकून राहतो तो. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की अख्खा रस्ता त्या धाग्यांनी चमकायचा, आणि मुलं स्कूटरवर माझ्या मागून ओरडायची, "बाबा, नाताळ! नाताळ!"

पऱ्हाटी दिली गुणवंतरावांनी. आमचे शेजारी, शेत सिंदी रेल्वेकडे. त्यांनी रिमभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, "सर, पऱ्हाटी कोनी दिवाणखान्यात सजवते का? आम्ही तं चुलीत घालतो."

"ही प्रतीकात्मक आहे," मी म्हटलं.

"असंन," ते म्हणाले. "पन पेटते ना ते."

जांभळ्या मेणबत्त्या वर्ध्यात मिळेनात. मी पांढऱ्यांनाच जांभळा पतंगी कागद गुंडाळला. एकीला गुलाबी, कारण तिसऱ्या रविवारची आनंदाची मेणबत्ती गुलाबी असते. इथं सांगून टाकतो की मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होतो. ज्वलनाचा धडा माझा आवडता.

गव्हाण आंब्याच्या पेटीच्या फळ्यांची केली. एक पाय आखूड झाला, त्याखाली काडेपेटी ठेवली. नियम असा, की ज्यानं दिवसभरात एखादं चांगलं काम केलं त्यानं चिमूटभर कापूस गव्हाणीत टाकायचा. नाताळापर्यंत येशूबाळाची गादी मऊ झाली पाहिजे. मुलांनी हा नियम फारच मनावर घेतला. आशू त्याच्या आईला पाण्याचा पेला देई, परत घेई, आणि पुन्हा देई. दोन चिमटी.

पहिल्या रविवारी सगळं मांडलं. संत्र्यांची साल, उदबत्तीसारखा तिचा वास, ताटात करंज्या, बाहेर थंडी. मी पडद्यापाशी जाऊन मोठ्यानं म्हटलं, "आबा, या. मुलं वाट बघून राह्यली."

आबा आले! मशीन लावलेलं होतं. दारात उभे राहिले, चौकटीला टेकून. मीनाचे डोळे भरले. आणि मी, ज्यानं त्या क्षणी फक्त गप्प बसायचं होतं, बोलायला लागलो. आशेवर बोललो. संदेष्ट्यांवर बोललो. मेणाच्या रासायनिक रचनेवरही बोललो, कारण ओघात आलं. आशू मीनाच्या मांडीवर झोपला. करुणाच्या गालावर डास बसला होता आणि ती भक्तिभावानं त्याला चावू देत होती. मग गाणं झालं. मी वरच्या पट्टीत, पूर्ण ताकदीनं. गाणं संपवून डोळे उघडले तर चौकट रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी मशीन हरवलं.

आबांनी नुसता कानाला हात लावून हवेत उडवला: गेलं. आम्ही खाट उलटी केली, मोरीचं झाकण काढलं, गादीची शिवण उसवली. मुलांना ओळीत उभं करून मी विचारपूस केली; दोघांनी माझ्या डोळ्यांत बघून "माहीत नाही" म्हटलं. अशी निर्मळ तोंडं! शेवटी माझा संशय गुणवंतरावांच्या बकरीवर गेला. ती आमच्या व्हरांड्यात येऊन काहीही खायची. मी दोन दिवस काडी घेऊन तिच्या मागे फिरलो. काय तपासत होतो ते विचारू नका.

"सापडलं का, सर?" गुणवंतराव कुंपणावरून विचारायचे. मग त्यांच्या बायकोला म्हणायचे, "आजकाल बकरी एका हाकेत येते वं. मशीनचा गुन दिसते."

नवीन मशीन आणू म्हटलं तर आबांनी हात झटकला. "नोको. आता काय ऐकाचं राह्यलं?"

मला राग आला होता त्या वाक्याचा. आम्ही नाही का, असं मनात आलं होतं. पडदा पुन्हा बंद. पावलं पुन्हा एका जागी. पडद्याच्या अलीकडे मी रोज संध्याकाळी आवाज आणखी चढवत गेलो, बहिऱ्या माणसापर्यंत पोचावा म्हणून. मुलांच्या प्रार्थना मात्र तोकड्या होत गेल्या. एकदा करुणानं डोळे मिटून, हात जोडून म्हटलं, "हे प्रभू, बाबांचा घसा बसू दे. आमेन." मीनानं पदर तोंडाशी नेला. मी तिला खोकला झाला असं समजलो.

तिसरा रविवार. आनंदाची मेणबत्ती. मी काडी ओढली, गुलाबी कागदाशी नेली आणि म्हटलं, "मुलांनो, आनंद असा हळूच येत नाही, तो..."

तो भपकन्‌ आला. कागद पेटला, कागदावरून बोंड, बोंडावरून बोंड. रिमभोवती आग अशी गोल धावली की क्षणभर ते फार सुंदर दिसलं, खरंच सांगतो. मग माझ्या बाहीनं पेट घेतला. मीना किंचाळली, आशू किंचाळला, मी ज्वलनाचा शिक्षक रिमला फुंकर घालत होतो. ऑक्सिजन पुरवत होतो!

आणि पडदा फाडून आबा आले. फाडून म्हणजे खरोखर. दोरीसकट पडदा त्यांच्या खांद्यावर होता. हातात मोरीपुढचं ओलं गोणपाट. जिनिंगमध्ये ठिणगीवर टाकतात तसं त्यांनी ते रिमवर टाकलं, माझ्या हातावर टाकलं, वरून पायानं दाबलं. एकदम अंधार. ओल्या जळक्या कापसाचा आणि पायपुसण्याचा वास.

मीनानं दिवा लावला. टेबलावर काळी रिम, त्यावर ओलं गोणपाट, आणि एका कोपऱ्यात गव्हाण, धक्का न लागलेली. आबा आधी गव्हाणीकडे गेले. हातानं चाचपली. मग माझ्या बाहीकडे बघितलं.

"कापसाजोळ जाळ," ते म्हणाले. "अन्‌ म्हणे मास्तर."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी नेहमीप्रमाणे तिसरंच केलं, ओरडलो. "ऐकू आलं ना! मशीन नाही, तरी आमचं ओरडणं ऐकू आलं ना!"

आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग नाकावर बोट ठेवलं. त्याचा अर्थ मी 'गप्प बस' असा घेतला.

आज, फरशीवर बसल्या बसल्या, कळलं. त्यांना किंकाळी नाही, वास आला होता. जळत्या कापसाचा वास जिनिंगमधल्या माणसाला झोपेतही उठवतो.

त्या संध्याकाळी त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बसले. मला हातानं खूण केली: लाव, पुन्हा लाव. त्या दिवसानंतर ते रोज बसले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक आगमनकाळात, शेवटपर्यंत. खुर्ची ठरलेली, मीनाच्या बरोबर समोर. माझ्याकडे पाठ नाही, पण खांदा. मला वाटायचं, करंज्यांचं ताट तिच्याजवळ असतं म्हणून. नवी पऱ्हाटी मात्र घरात आली नाही. काळी रिम तशीच वापरली. गव्हाणीतला कापूस दर वर्षी काढून टाकू म्हटलं की दोन्ही मुलं तुटून पडायची: "चांगली कामं कोणी फेकते का, बाबा?" मला त्यांच्या भक्तीचं केवढं कौतुक वाटलं होतं.

मी करुणाला फोन लावला.

"काढला ना कापूस?" तिनं हॅलोच्या आधी विचारलं.

"तुला कसं..."

"तुमचा श्वास ऐकू येतो आहे." मग ती हसायला लागली, खूप हसली, आणि हसता हसता थांबली. "बाबा, आबांनीच ठेवलं होतं ते. त्या सोमवारी शाळेतून आलो तेव्हा. आम्हाला बोलावलं, कानातून काढलं, म्हणाले, 'हे गव्हाणीत टाका, एकदम खाली. तुह्या बापाचं ऐकाले येशूबाळाले लागन.'"

मी मशीन तळहातावर उलटंपालटं केलं.

"आम्ही खूप हसलो. मग आशूनं विचारलं, 'आबा, मंग तुमाले कसं ऐकू येईन?' तर म्हणाले..." तिचा आवाज बारीक झाला. "म्हणाले, 'मशीन लावली का साऱ्यायचे आवाज येतेत. तिचाच येत नाई. ते न येनंच ऐकू येते मंग.'"

मागे तिची लेक काहीतरी विचारत होती. करुणानं तिला "एक मिनिट, बाळा" म्हटलं.

"तुम्ही दोघांनी मला सांगितलं नाही," मी म्हटलं. "मी बकरीच्या मागे..."

"आबांनी शपथ घातली होती. आणि बाबा, तुम्ही बकरीच्या मागे फिरत होता तेव्हा आबा खिडकीतून बघायचे. आजी गेल्यावर तेव्हा पहिल्यांदा हसले ते."

"तुझ्या आईला माहीत होतं?"

"आईलाच तर आधी सांगितलं."

मी मीनाकडे बघितलं. ती कापूस गोळा करत होती, लेंड्या वेचून टाकत होती, फार मन लावून.

दुसऱ्या दिवशी रविवार, आगमनकाळाला अजून आठवडा. खोका पाठवायच्या आधी एकदा इथेच मेणबत्ती लावू, असं मीना म्हणाली. टेबलावर काळी रिम, साधी पांढरी मेणबत्ती, कागद नाही. गव्हाणीचा आखूड पाय काडेपेटीवर. मशीन पुन्हा तळाशी, वर निवडलेला कापूस. मी माझ्या जागेवर बसायला गेलो आणि बसलो आबांच्या खुर्चीत, मीनाच्या समोर.

मेणबत्ती लागली. मीना हात जोडून थांबली. थांबली. एक डोळा उघडला.

"बोला ना."

"आज नाही."

तिनं दुसराही डोळा उघडला. कापूस पेटला होता तेव्हासुद्धा ती इतकी दचकली नव्हती. मग तिनं गाणं सुरू केलं. मी तोंड मिटून बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा वरचा सूर त्या गाण्यात नव्हता, आणि तो नसल्यामुळे खालचं सगळं उघडं पडलं. मीना गात होती ती चाल मला ओळखीची वाटेना. मग वाटली. ती खाली, जमिनीलगत, शांतपणे चालत होती. मी पडदा असायचा तिकडे बघितलं.

गाणं संपलं. "हा आईचा सूर आहे," मी म्हटलं. "तू कधीपासून म्हणतेस?"

"आई गेल्या त्या वर्षीपासून. आग लागली त्या तिसऱ्या रविवारपासून रोजच." ती मेणबत्तीकडे बघत होती. "आबा समोर बसून तोंडाकडे बघत राहायचे. मधेच मान हलवायचे. बरोब्बर ठेक्यावर."

"मला कधीच ऐकू आला नाही."

"तुम्ही वरचा म्हणत होता ना."

सावंगीच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला, कापसाचाच असणार, सावकाश. मी आबांचे कान, आबांचं नाकावरचं बोट, आबांची ती खुर्ची असं सगळं पुन्हा एकदा लावून बघत होतो, आणि दर खेपेला माझी जागा आणखी मागे सरकत होती. माझे दोन्ही कान शाबूत आहेत. डॉक्टरनं तपासून सांगितलं आहे.

मी कापसाची चिमूट घेतली आणि गव्हाणीत टाकली.

"हा कशाचा?" मीनानं विचारलं.

"आज गप्प बसलो त्याचा. पूर्ण प्रार्थनाभर. आणि खरं सांगू का, गप्प बसणं ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नसते, कारण माणसाच्या मनात..."

मीनानं वाकून त्यातला अर्धा कापूस काढून घेतला.